हरकतमावशी

आमच्या मावशीला सगळी मंडळी 'हरकतमावशी' म्हणायची. तोंडावर नव्हे हं, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण तिच्या हातात बहुतेक वेळा तापलेली इस्त्री असायची.

ती माझी मावशी आणि माझ्या बापाची बायको. गोंधळू नका, सरळ आहे. मी रांगत होते तेव्हा माझी आई तापानं गेली, आणि वर्षभरात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न माझ्या वडिलांशी लावून दिलं. मेहुणीची बायको झाली. मावशीची आईही व्हायला हवी होती, पण ती काही झाली नाही. "मला मावशीच म्हणायचं," असं तिनं मला बोलायला यायला लागल्यापासून बजावलं होतं. शेजारणी खोदून खोदून विचारायच्या, "अगं, आई का नाही म्हणत तिला?" मी म्हणायचे, "तिला आवडत नाही." की शेजारणी एकमेकींकडे बघायच्या. सावत्र ती शेवटी सावत्रच, असं त्या बघण्यात असायचं. आणि खोटं कशाला बोलू, मोठी होता होता ते बघणं माझ्याही डोळ्यांत उतरलं.

आम्ही वर राहायचो. खाली रस्त्याला लागून दोन गाळे होते. एकात बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्यात मावशीची लॉन्ड्री. मधली भिंत अगदी पातळ. पलीकडे टिकटिक, अलीकडे वाफेचा फुसकारा, आणि नवरा-बायकोत बोलणं जेमतेम. भांडण नाही, तंटा नाही. बाबा वाईट नव्हते हो. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचे. चहा हवा असला की भिंतीवर टकटक करायचे, ती कप नेऊन द्यायची. एवढाच काय तो संसाराचा आवाज.

मावशीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, वाण्यावर नाही, आभाळावर तर नाहीच नाही. लख्ख ऊन पडलेलं असलं तरी तिचा एक डोळा वाळत घातलेल्या चादरींवर. कपडे घेताना कॉलर उलटून बघायची, बाही हुंगायची, आणि गिऱ्हाईकाकडे असं पाहायची की बिचाऱ्याला न केलेला गुन्हासुद्धा आठवायचा.

"हा डाग चहाचा नाही."

"चहाचाच आहे हो, मावशी."

"असेल. पण तुमच्या घरचा नाही."

झालं! गिऱ्हाईक घामाघूम. आणि मजा अशी, की तो माणूस त्यानंतर बायकोला कधीच न पाठवता दर वेळी स्वतः कपडे घेऊन यायचा.

डागांखालोखाल तिचा विश्वास कानांवर. "नाक फसवतं, रंग फसवतो," ती म्हणायची, "कानाची पाळी फसवत नाही. कोण कुणाचं, ते कानाला विचारावं." माणूस बोलत असला की ती त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही, कानाकडे बघायची. लोकांना वाटायचं हिला कमी ऐकू येतं की काय, म्हणून ते आणखी मोठ्यानं बोलायचे.

आता हरकतीचं सांगते. आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी पुकार व्हायची. म्हणजे लागोपाठ तीन रविवार पाळकसाहेब उपासनेच्या शेवटी मुला-मुलीची नावं वाचायचे आणि विचारायचे, "या दोघांच्या लग्नाला कुणाची हरकत आहे का? असेल तर आत्ताच सांगा." हरकत मुख्य करून नात्याची. बायबलमधल्या मोशेच्या नियमशास्त्रात एक अध्यायच आहे, कुणी कुणाशी लग्न करू नये त्याचा. आई, सावत्र आई, बहीण, सावत्र बहीण, नात, आत्या, मावशी, काकू, सून, भावजय, या सगळ्या वर्ज्य. मायलेकी दोघींना एकानं करायचं नाही. आणि बायको जिवंत असताना तिच्या बहिणीला सवत म्हणून आणायचं नाही. मावशीला हे सगळं तोंडपाठ होतं. बाकीच्या बायका काम करता करता गाणं गुणगुणतात, ही इस्त्री फिरवता फिरवता आत्या, मावशी, काकू, सून करत बसायची. लहानपणी मला वाटायचं, ती पाहुण्यांची आठवण काढतेय.

पाळकसाहेबांनी तो प्रश्न विचारला की सगळी मंडळी आपापल्या चपलांकडे बघू लागायची. कारण हरकत निघाली की पुकार तिथंच थांबायची. पाळकसाहेब मुलाला आणि मुलीला एकेकटं वेदीमागच्या खोलीत नेऊन विचारपूस करायचे, मग थोरामोठ्यांना बोलवायचे, मग शास्त्र उघडायचे. तोवर इकडे हॉल ठरलेला, पाहुणे वाटेला लागलेले. त्यामुळे मावशीनं नुसता पदर सावरला तरी मुलीचा बाप बाकावरून अर्धा उठायचा.

मला आठवणारी पहिली हरकत औषधवाल्याच्या मुलीची. मुलगा मोठ्या कंत्राटदाराचा, चालून आलेलं स्थळ, औषधवाला हवेत. दुसऱ्याच रविवारी मावशी उठली. "मुलाची आत्या मुलीच्या काकांना दिलीय," म्हणाली. "म्हणजे ही बहीण-भावंडंच झाली की!" पाळकसाहेबांनी रीतसर दोघांना आत नेलं, अध्याय उघडला. असलं नातं त्यात कुठंच नाही. मावशी म्हणाली, "नाही का? मग माझी चूक," आणि खाली बसली. पण पुढच्या रविवारी पुकार काही झाली नाही. मधल्या आठवड्यात मुलीनंच नकार दिला होता. औषधवाला लॉन्ड्रीत येऊन तोंडाला येईल ते बोलून गेला, आणि मावशी शांतपणे बाह्यांची घडी घालत राहिली.

मग पोस्टमनची भाची. मुलगा तिचा लांबचा आतेभाऊ लागत होता. मावशी उठली. पुन्हा खोली, पुन्हा शास्त्र. आतेभाऊ-मामेभाऊ यांचं त्या अध्यायात नावही नाही. ती मुलगी खोलीतून हसत बाहेर आली, थाटात लग्न झालं, आणि पोस्टमन त्या दिवसापासून आमची पत्रं गटारात पडतील अशा बेतानं फेकू लागला.

एकदाच तिची हरकत नियमाला धरून निघाली. शाळेतल्या शिपाईणबाईचा थोरला मुलगा अपघातात गेला होता. घर हातचं जाऊ नये म्हणून घरच्यांनी त्याच्या बायकोला धाकट्या दिराच्या गळ्यात बांधायचं ठरवलं. भावजय तर वर्ज्यच! पण चर्चमधली वडीलधारी मंडळी काय कमी होती का? म्हणाले, भाऊ निपुत्रिक मेला तर दिरानं तिला करावं, असंही शास्त्र सांगतं.

"निपुत्रिक?" मावशी म्हणाली. "मग ती मांडीवर काय घेऊन बसलीय, उशी?"

सगळं चर्च हसलं. लग्न मोडलं. आणि मावशीच्या नावापुढं हरकत कायमची चिकटली.

मला मात्र एक गोष्ट खटकायची. जिला अख्खा अध्याय झोपेतसुद्धा म्हणता येतो, तिला आतेभाऊ त्यात नाही हे ठाऊक नसेल? ठाऊक असून ही उठते कशी, आणि चूक दाखवली की इतक्या गुमान बसते कशी? पाणी कुठंतरी मुरत होतं. मी माझ्यापुरतं उत्तर काढलं होतं. हिला स्वतःच्या संसारात गोडी नाही, म्हणून हिला दुसऱ्याचं जमलेलं बघवत नाही. बस्स.

आणि मग माझंच लग्न ठरलं.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायला होते. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, इतकी सुखाची नोकरी दुसरी नाही. समोरच बेकरी. बेकरीवाला दुपारी पाव घेऊन छापखान्यात यायचा, आणि पावाची करपलेली कड आपल्याला ठेवून मऊ भाग बाकीच्यांना द्यायचा. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, हा बरा दिसतोय. त्यानंही काहीतरी पाहिलं असणार. असो. त्याच्या आईला मी पसंत. "गल्ल्यावर बसायला घरचं माणूस मिळालं," ती चार ठिकाणी सांगत सुटली. बाबा म्हणाले, "मुलगा वेळेचा पक्का आहे." घड्याळवाल्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती येत नाही. मावशी फक्त म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'नं माझी झोप उडाली.

दुसऱ्या दिवसापासून तिची बेकरीत ये-जा सुरू झाली. ही बाई, जी वजनात मारतात म्हणून बेकरीचा पाव घरात येऊ देत नव्हती, ती आता रोज काउंटरशी उभी! घ्यायची एक लहानसा पाव, आणि बघायची बेकरीवाल्याच्या कानांकडे. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मी छापखान्याच्या खिडकीतून बघत असायचे. त्याच्या आईला तिनं विचारलं, तुमचं माहेर कुठलं? आईचं माहेर कुठलं? आजीला बहिणी किती? त्या बाईनं भोळेपणानं सगळं सांगितलं आणि वर बिस्किटंही दिली. मावशीनं ती घरी आणून हुंगली.

मग एका दुपारी मी तिला पाळकसाहेबांच्या घरातून बाहेर पडताना पाहिलं.

"कशाला गेली होतीस?" मी घरी विचारलं.

"कपडे द्यायला."

"आज त्यांचे कपडे नव्हते. मीच गठ्ठे लावलेत."

"मग कपडे नाहीत हे सांगायला गेले होते," ती म्हणाली आणि पाणी शिंपडायला लागली. हिनं कधी कुणाला ताकास तूर लागू दिलीय?

पहिला रविवार गेला. पुकार झाली, ती उठली नाही. लोक वळून वळून तिच्याकडे बघत होते आणि ती समोरच्या माणसाच्या कानाकडे. दुसराही रविवार तसाच गेला. आता माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली, आणि तीही भलतीच पाल. मी आरशासमोर उभी राहिले. माझ्या कानाची पाळी लोंबत नाही, खाली थेट गालाला चिकटलेली आहे. बेकरीवाल्याची? दुपारी तो पाव घेऊन आला तेव्हा मी बघितलं. चिकटलेली! माझ्या हातातलं मुद्रित खालीच पडलं.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. चूक सापडली."

मग काय, मन चिंती ते वैरी न चिंती. बेकरीतलं भिंतीवरचं मोठं घड्याळ नेहमी बाबाच दुरुस्त करायचे. वर्षानुवर्षं. ते घड्याळ सारखं सारखं बिघडायचं कसं? आणि बेकरीवाल्याची आई बाबांना नेहमी आतला ताजा पावच का द्यायची? सांगते तुम्हाला, दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. जी मुलगी मावशीला संशयी म्हणून नाकं मुरडायची, तीच आता बापाच्या कोटाचे खिसे हुंगत होती. शेवटी न राहवून मी बाबांच्या दुकानात गेले.

"बाबा, बेकरीतलं घड्याळ इतक्यांदा का बिघडतं हो?"

बाबांनी भिंग काढलंसुद्धा नाही. "पीठ जातं आत."

इतकं साधं! मला हसू आलं आणि रडूही आलं. पण पाल गेली ती बापापुरती. मावशीपुरती ती होती तिथंच होती. तिला नक्की काहीतरी माहीत आहे, आणि नसलं तर ती काढेल, एवढं मला कळून चुकलं होतं.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दुपारी ती माझा चर्चचा पांढरा झगा इस्त्री करत होती. मी दारात उभी राहिले.

"उद्या तू उठणार आहेस का?"

"चर्च आहे," ती म्हणाली. "उठावं लागतं, बसावं लागतं."

"मावशी, सरळ सांग!"

"बाजूला हो. उजेड अडतोय."

मग मात्र माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, आणि जे आठवतं ते सांगवत नाही. एक सांगते. मी म्हटलं, "माझी आई असती तर तिनं असं केलं नसतं." तिनं इस्त्री उभी करून ठेवली. झग्याची कॉलर बोटानं सरळ केली. मग म्हणाली, "हो. ती असती तर बरंच काही झालं नसतं." आणि पुन्हा इस्त्री उचलली.

रविवारी मी तोच झगा घालून पुढच्या बाकावर बसले. बेकरीवाला पलीकडच्या बाजूला, आईशेजारी. पाळकसाहेब म्हातारे झाले होते, सावकाश वाचायचे. माझं नाव, त्याचं नाव. मग चष्म्यावरून मंडळीकडे बघत म्हणाले, "तिसरी आणि शेवटची पुकार. कुणाची हरकत आहे का?"

मला मागे बाक करकरल्याचा आवाज आला. वळून बघायची गरजच नव्हती.

"आहे," मावशी म्हणाली.

"कसली?"

"कानांची."

"कसली म्हणालात?"

"दोघांच्या कानांच्या पाळ्या एकसारख्या आहेत. रक्त एकच असावं अशी मला शंका आहे."

काय सांगू! अर्धं चर्च फिसकन हसलं, अर्ध्यांनी आपले कान चाचपले. बेकरीवाल्याची आई "अगं बाई" म्हणून कपाळाला हात लावून बसली. बाबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले, जणू ही वेळ कधी ना कधी येणारच होती. आणि मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर किती बरं. कान! सगळ्या मंडळीसमोर कान!

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. "आधी मुलगी," म्हणाले, आणि मला वेदीमागच्या खोलीत घेऊन गेले.

त्या खोलीत मी पूर्वी कधी गेले नव्हते. छोटीशी खोली. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, कोपऱ्यात मोडकी फुलदाणी आणि झाडू. पाळकसाहेबांनी दार लावलं आणि कडी घातली. बाहेरची कुजबुज एकदम बंद झाली. शास्त्र त्यांच्या हातात होतं, पण त्यांनी ते उघडलं नाही. टेबलावर ठेवून दिलं.

"पाळकसाहेब, ती खोटं बोलतेय," मी सुरू केलं. "आमच्यात काही नातंबितं नाही. तिला फक्त..."

"कानांचं राहू दे," ते म्हणाले. त्यांनी डोकं वळवून स्वतःचा कान दाखवला. पाळी गालाला चिकटलेली. "निम्म्या मंडळीचे असेच आहेत. बस. पाणी घे. आता सांग, तुला हे लग्न करायचंय का?"

"म्हणजे काय? ठरलंय ना!"

"ठरलंय ते मला माहीत आहे. तुला करायचंय का?"

"हो!" मी जवळजवळ ओरडलेच.

"हे मावशीवरच्या रागानं म्हणालीस. जरा थांब. घाई नाही. या दाराबाहेर काही जाणार नाही. तू नाही म्हणालीस, तर मी बाहेर जाऊन सांगेन की नात्यात अडचण निघाली. तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही."

खरंच सांगते, तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. बेकरीवाल्यानं विचारलं होतं, पण त्याला उत्तर आधीच माहीत होतं. त्याच्या आईनं गल्ल्याचं ठरवलं, बाबांनी वेळेचं ठरवलं, आणि मी हसत हसत मान हलवत गेले. आता त्या खोलीत मला त्याची करपलेली कड आठवली. त्याचं हसणं आठवलं. आणि आठवला गल्ला. दिवसभर स्टुलावर बसून सुटे पैसे देत असलेली मी. छापखान्यातली माझी खुर्ची, शाईचा वास, चूक सापडल्यावर होणारा आनंद. हे सगळं सोडायचं होतं, आणि ते सोडायला मी कधी कबूल झाले होते, हेच मला आठवेना.

"लग्न करायचंय," मी म्हटलं. या वेळी हळू. "त्याच्याशीच करायचंय. पण गल्ल्यावर बसायचं नाही. छापखाना सोडायचा नाही."

"हे त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मी सांगतो," ते म्हणाले. "आता तोच येईल आत."

मी उठले. दारापाशी गेले आणि थांबले. डोक्यात काहीतरी लख्ख झालं होतं. औषधवाल्याची मुलगी या खुर्चीवर बसली होती. पोस्टमनची भाची इथूनच हसत बाहेर आली होती.

"पाळकसाहेब, मावशीला नियम पाठ आहेत ना?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"मग ती खोट्या हरकती..."

"हरकत आल्याशिवाय मला एकट्या मुलीला इथं आणता येत नाही, बाळ," ते म्हणाले. "घरचे आणू देत नाहीत." मग चष्मा काढून पुसत बसले. "तुझ्या बाबांच्या दुसऱ्या लग्नाची पुकार मीच केली होती. लोक म्हणाले, मेहुणी चालते का बघा. मी शास्त्र उघडून नीट बघितलं. बायको वारली होती, चालत होतं. तिच्याकडे मात्र मी बघितलं नाही."

बाहेर आल्यावर मला मावशीच्या बाकाकडे बघवेना. बेकरीवाला आत गेला, बाहेर आला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाला, "गल्ल्यावर मीच बसेन. हिला बसवलं तर पावात पण चुका काढेल." पाळकसाहेबांनी सांगून टाकलं, हरकतीत तथ्य नाही. मावशी उठली, "नाही का? मग माझी चूक," म्हणाली आणि बसली. लोक खो खो हसले. मला हसू आलं नाही.

दुपारी लॉन्ड्री बंद होती, तरी ती खाली जाऊन बसली होती. चादरींच्या घड्या घालत होती. मी दुसरं टोक धरलं. चादर दोघींनी धरली की बरी पडते.

"घरात का नाही विचारलंस मला?" मी म्हटलं.

"घरात विचारलं की मुलगी घराला हवं तेच उत्तर देते." तिनं चादर ताणली. "आणि मी विचारलं असतं तर तू हट्टानं हो म्हणाली असतीस. सावत्र ना मी!"

"आणि ते कान बघायला रोज जात होतीस ते?"

"काहीतरी कारण नको का उठायला? त्याच्या आजीपर्यंत जाऊन आले, पाळकसाहेबांकडची लग्नांची वही चाळली, नात्याचा एक धागा सापडेल तर शपथ. शेवटी कानच उरले."

मी चादरीच्या घडीकडे बघत विचारलं, "तुला नव्हतं करायचं बाबांशी लग्न?"

पलीकडे बंद दुकानात घड्याळं चालू होती, तेवढी ऐकू येत होती.

"नर्सिंगला नंबर लागला होता माझा," ती म्हणाली. "ट्रंक भरून ठेवली होती. ताई गेली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माणूस चांगला, मूल लहान, घरातलं घरात. मी शास्त्र काढून बसले. रोज वाचायचे. म्हटलं, आपलं नाव यात कुठंतरी असेल. आत्या आहे, काकू आहे, सून आहे. मुलाला मावशी वर्ज्य, हे आहे. पण मुलाच्या बापाला मावशी चालते! बायको मेली की मेहुणी मोकळी. किती वेळा वाचलं गं. पाठ झालं, पण त्यात माझं नाव काही निघालं नाही."

"मग तू स्वतःच उठून सांगायचंस ना!"

"उठणारच होते. तिसऱ्या रविवारी. पाळकांनी विचारलं, आणि मी बाकाला हात लावलासुद्धा." तिनं माझ्या हातातली चादरीची टोकं घेतली आणि शेवटची घडी घातली. "पण तू मांडीवर झोपली होतीस. दात येत होते म्हणून रात्रभर रडून नुकताच डोळा लागला होता तुझा. उठले असते तर जागी झाली असतीस."

मला रडू फुटलं. मी तिच्या गळ्यात पडले आणि तोंडातून आपोआप निघालं, "आई..."

"मावशी म्हण," तिनं माझी पाठ थोपटत बजावलं. "'आई' ही ताईची जागा आहे. ती मी तुझ्यासाठी राखून ठेवलीय इतकी वर्षं. आता रड आवर, चादर भिजेल."

लग्न झालं. मी छापखान्यात राहिले, बेकरीवाला गल्ल्यावर. त्यानं हिशेबात अनेक चुका केल्या आणि मी त्या घरी काढल्या. मावशीनं त्यानंतरही दोनदा हरकत घेतली आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. खऱ्या कारणाचा तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही, आणि मीही नाही. सांगितलं असतं, तर ती खोली निकामी झाली असती.

आता बाबाही नाहीत, पाळकसाहेबही नाहीत, आणि मावशीला जाऊनही पुष्कळ दिवस झाले. नवीन पाळकसाहेब तरुण आहेत, भरभर वाचतात. परवाच्या रविवारी लोखंडवाल्याच्या नातीची तिसरी पुकार होती. मुलगा म्हणजे चांगला पोक्त विधुर, पैसा बक्कळ, एक लहान मूल. पोरगी पुढच्या बाकावर बसली होती. सगळे तिच्याकडे कौतुकानं बघत होते. मी तिच्या मानेकडे बघत होते. ती मान गेले तीन रविवार एकदाही वर झाली नव्हती.

"कुणाची हरकत आहे का?" पाळकसाहेबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पान उलटायला लागले.

माझ्या गुडघ्यांत आता जोर नाही. बाक धरून मी उठले. शेजारी बेकरीवाल्यानं माझा पदर ओढला, मी त्याचा हात झटकला. सगळं चर्च वळून बघायला लागलं. आणि त्या पोरीनं मान वर केली.

"आहे," मी म्हटलं.

कसली, ते मला अजून सुचलेलं नव्हतं.